शिन पेन आरामानं जातं आणि पळायला लागलं की परत येतं: नेमकं काय तपासायचं

“सर, पंधरा दिवस पूर्ण आराम केला. एकदम बरं होतं. काल फक्त चार राऊंड मारले, आन् पुन्हा दुखायलंय.”

जुलै-ऑगस्टमध्ये हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पहाटे साडेचारला भरतीच्या मुलामुलींचं ग्राउंड घेतो. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यातले २० गुण एका लांब धावेचे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांना पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. दहा-पंधरा सेकंदांवर नोकरी अडते, म्हणून दुखणं लपवून पळणारी लेकरं मी खूप बघितली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

दुखणं कुठलं ते आधी सांगतो. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार-सहा बोटांपासून अर्ध्या नडगीपर्यंत. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, थांबल्यावर पुन्हा ठणकतं. बर्फ लावला, गोळी घेतली, आराम केला की जातं. पळायला लागलं की आठ-दहा दिवसांत हजर.

आरामानं ते कायमचं का जात नाही, याचं उत्तर सोपं आहे. आरामात दुखणं थांबतं, पण ज्या पद्धतीनं पाय जमिनीवर पडत होता ती पद्धत तशीच राहते. वर पोटऱ्या पंधरा दिवसांत ढिल्या पडतात. आणि पोरगं परत येतं ते “बाकीचे पुढं गेले” या धास्तीनं, जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू करायला.

हाडाचंही गणित आहे. रोजचा ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड कुरतडून काढतं आणि मग त्या जागी नवं भरतं. काढायचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. आपल्याकडं रस्त्याचं काम निघतं तेव्हा जुना डांबर उखडलेला असतो, नवा पडलेला नसतो आणि उसाच्या ट्रॉल्या त्यावरूनच चालू असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पायाची अवस्था तशीच असते.

सगळ्यात आधी हाड तपासा

व्हिडिओ, पाऊल, बूट हे सगळं नंतर. आधी खाली बसा, पाय ढिला सोडा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालून वर न्या. पाच सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्टा सगळीकडे सारखा दुखत असेल तर हे बहुतेक आपलं नेहमीचं शिन पेन. पण रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा असेल आणि तिथं बोट लागताच पोरगं पाय ओढून घेत असेल, तर पळणं त्याच क्षणी बंद. रात्री झोपेत ठणका लागतो, साधं चालताना लंगडतं, त्या एका पायावर उडी मारता येत नाही, यातलं काहीही असलं तरी बंदच. ही हाडाला चीर जात असल्याची लक्षणं आहेत. अस्थिरोग तज्ज्ञाकडे जा. आणि लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये लवकर दिसते.

हे मी एका मुलीच्या पायावरून शिकलो. ८०० मीटरला तिचं टायमिंग सुंदर बसत होतं. नडगीवर एकाच जागी दुखतं म्हणाली, एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. मी म्हटलं, “मग सावकाश पळ.” ती माझी चूक होती. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला, त्यात हाडावर रेघ आणि बाजूला नवं हाड धरू लागलेलं स्पष्ट दिसलं. दोन महिने पळणं गेलं, त्या वर्षीचं ग्राउंड गेलं. नंतर कळलं की चार महिने तिला पाळीच आलेली नव्हती. पहाटे उपाशी पळायची, परत जाऊन चहा-बिस्किट, मग थेट दुपारचं जेवण. आठवड्यात दोन उपास. खर्च जास्त आणि जमा कमी झालं की शरीर पाळी थांबवतं आणि हाडाची डागडुजीही थांबवतं. मला हे तिला विचारता आलं नाही, तिला सांगता आलं नाही. आता आमच्याकडे एक ताई मुलींशी दर महिन्याला याविषयी बोलतात. कोच पुरुष असेल तर ही व्यवस्था कराच. आणि मुलगा असो की मुलगी, पळून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटात भाकरी-पिठलं, उसळ, अंडं, दूध, निदान शेंगदाणे-गूळ गेलाच पाहिजे. नडगीच्या दुखण्यावर हा इलाज वाटत नाही, पण आहे.

आणखी एक प्रकार असतो. पळताना दर वेळी ठरावीक मिनिटांनी पोटरी दगडासारखी होते, पावलाला मुंग्या येतात आणि थांबलं की थोड्या वेळात सगळं गायब. ते शिन पेन नाही. त्यालाही डॉक्टरच लागतो.

गेल्या महिन्यात काय बदललं?

हाड ठीक असेल तर हा पुढचा प्रश्न, आणि आमच्या भागात याचं उत्तर बऱ्याचदा पायाखालच्या जमिनीत सापडतं. मे महिन्यापर्यंत पोरं शाळेच्या मैदानावर किंवा रानातल्या पायवाटेनं पळतात. मृगाचा पाऊस पडला की काळी माती बुटाला धरते, एका पायाला किलोभर गोळा होतो, पळणं अशक्य. मग सगळे एका दिवसात डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर येतात. अंतर तेच, वेग तोच, जमीन मात्र एका रात्रीत बदललेली. जुलै-ऑगस्टची शिन पेनची लाट या बदलामागोमाग येते असं माझं निरीक्षण आहे. रस्त्यावर जायचंच असेल तर पहिले दोन आठवडे अंतर अर्धं करा आणि आठवड्यातले एक-दोन दिवस मुरमाडावर पळा.

एकाच पायाला दुखत असेल तर रस्त्याची कुठली कड धरता ते सांगा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. समोरची गाडी दिसावी म्हणून आपण उजव्या कडेनं पळतो, ते बरोबरच आहे. पण मग उजवा पाय रोज खालच्या अंगाला पडतो. मैदानावर कायम घड्याळाच्या उलट्या दिशेनं राऊंड मारले की डावा पाय रोज आतल्या वळणात. सावकाश पळायच्या दिवशी दिशा बदला.

दुसरा बदल म्हणजे जाहिरात. भरती निघाल्याची बातमी आली की सहा महिने न पळालेलं पोरगं दोन्ही वेळ पळायला लागतं. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंचा दीड वर्षाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त घातक ठरली: मागच्या ३० दिवसांत जे सगळ्यात लांब पळालात, त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त एका दमात पळालात तर दुखापतीचा धोका वाढतो, दुप्पट पळालात तर फारच. म्हणजे महिनाभरात जास्तीत जास्त ५ किलोमीटर पळाला असाल तर रविवारी ८ मारायचे नाहीत. मित्रांनी पैज लावली तरी नाही.

आता पाऊल बघू

पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर येतो. सावकाश ५ किलोमीटर पळालं तर पाच हजारांच्या वर पावलं पडतात. एका पावलातली बारीकशी चूक पाच हजार वेळा होते.

मोबाईल एका विटेला टेकवून गुडघ्याच्या उंचीवर आडवा ठेवा, स्लो मोशन लावा, दहा-बारा पावलं लांबून बाजूनं पळत जा. सुरुवातीला लगेच शूटिंग करू नका. कोणी बघतंय म्हटलं की प्रत्येक जण पहिली दोन मिनिटं छान पळतो. दहा मिनिटं पळून झाल्यावर घ्या, आणि जमलं तर पळणाऱ्याला न सांगता शेवटच्या राऊंडला पुन्हा घ्या. दमल्यावरचं पाऊल हेच खरं पाऊल.

आता पाय जमिनीला पहिल्यांदा टेकतो त्या क्षणाला व्हिडिओ थांबवा. आमच्या एका मुलाची ती फ्रेम मी अजून ठेवली आहे. पाय कमरेच्या दीड फूट पुढे, गुडघा जवळजवळ ताठ, बोटं आभाळाकडे, नडगी मागे कललेली. आणि टाचेखालून धुळीचा फुफाटा पुढच्या बाजूला उडालेला. मी त्याला फक्त तो फुफाटा दाखवला. “पुढं चाललास, तर धूळ पुढं का उडायली?” तो बराच वेळ बघत राहिला. दर पावलाला तो पळता पळता ब्रेक मारत होता आणि तो ब्रेक नडगी आणि गुडघा सोसत होते.

पाऊल गुडघ्याच्या पुढे टाकून अंतर ओढणं ही शिन पेनवाल्यांमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. चांगल्या फ्रेममध्ये पाय टेकतो तेव्हा नडगी साधारण उभी असते, गुडघा थोडा वाकलेला आणि पाऊल गुडघ्याच्या खाली. शरीराच्या अगदी खाली नसतं, थोडं पुढे असतंच; तेवढं चालतं.

याला कारण बऱ्याचदा चांगलीच गोष्ट असते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आमच्या प्रत्येक पोराच्या मोबाईलमध्ये आहे. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत मारली, राष्ट्रीय विक्रम. म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत ताशी २२ किलोमीटर. त्या वेगाला पाऊल लांब पडतंच. पण ते लांब पडतं मागच्या पायानं जमीन मागं ढकलल्यामुळं, दोन्ही पाय हवेत असताना अंतर कापलं जातं म्हणून. पाय पुढं फेकून पाऊल लांब केलं तर तो वेग येत नाही, नुसता धक्का येतो.

“मग सर, चवड्यावर पळू का?”

रील बघून हा प्रश्न रोज येतो. माझं उत्तर: शिन पेन असताना तर अजिबात नको. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटानं दाखवलं की अनवाणी, चवड्यावर पाऊल टेकणाऱ्या धावपटूंमध्ये टाचेवर बसणारा तो पहिला तीव्र धक्का जवळजवळ नसतो. २०१२ मध्ये त्याच विद्यापीठाच्या धावपटूंमध्ये टाचेवर टेकणाऱ्यांना ताणाच्या दुखापती सुमारे दुप्पट आढळल्या. तिथून जगभर चवड्याची लाट आली. नंतरच्या अभ्यासांत मात्र चित्र इतकं सरळ राहिलं नाही. चवड्यावर पळालं की गुडघ्याचा भार कमी होतो आणि पोटरीवर, टाचेच्या शिरेवर वाढतो. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आणि पोटरीचा आतला खोल स्नायू नडगीच्या ज्या मागच्या कडेला धरलेला असतो, ती कड आपल्या दुखण्याच्या पट्ट्याला लागूनच आहे. दुखऱ्या जागेलाच जास्त ओढ बसते. टाच आधी टेकते का चवडा, हे सोडून द्या. पाऊल गुडघ्याच्या किती पुढे पडतं आणि किती जोरात आपटतं, हे धरा.

आपटणं कानानंही कळतं. सिमेंटच्या रस्त्यावर पोरं पळतात तेव्हा मी कधीकधी पाठ करून उभा राहतो. कोण फाड फाड करत येतंय ते न बघता सांगता येतं. २०१८ मध्ये हाँगकाँगच्या अभ्यासात ३२० नवख्या धावपटूंपैकी अर्ध्यांना दोन आठवडे ट्रेडमिलवर, समोर स्वतःचा धक्का पडद्यावर दाखवत, हलकं पाऊल टाकायला शिकवलं. वर्षभरात त्यांच्यात दुखापतींचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ६२ टक्के कमी राहिलं. पण पोटरी आणि टाचेच्या शिरेच्या तक्रारी त्याच गटात जास्त आल्या. शिकण्यासारख्या दोन्ही गोष्टी आहेत: हलकं पाऊल शिकवता येतं, आणि पोटरीला तयार न करता शिकवलं तर दुखणं खाली सरकतं.

बदल कसा करायचा

पोराला “पाय मागं ठेव” सांगून काही होत नाही, तो अवघडून पळतो. पावलांची गती थोडी वाढवा, बाकी आपोआप होतं. नेहमीच्या सावकाश वेगाला पळताना ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा आणि चारनं गुणा. समजा ३९ वेळा टेकला, म्हणजे मिनिटाला १५६ पावलं. त्यात ५ टक्के वाढवायचे: १६४. बस, एवढंच. वेग तोच ठेवायचा, पाऊल छोटं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ मध्ये मोजलं गेलं, तेव्हा एवढ्याशा बदलानं गुडघ्याला पचवावा लागणारा भार सुमारे पाचव्या हिश्शानं कमी झाला.

“पण १८० पाहिजेत ना?” नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांनी जगातल्या उत्तम धावपटूंची पावलं शर्यतीत मोजली, जवळजवळ सगळ्यांची १८० च्या वर निघाली. ती शर्यतीच्या वेगाची गोष्ट आहे. सावकाश पळणाऱ्या पोराला १५६ वरून एकदम १८० वर नेलं तर दुसऱ्या आठवड्यात तो पोटरी धरून बसतो.

मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या तालावर टिक-टिक करणारं ॲप, मोफत मिळतो, तो १६४ ला लावा. २० मिनिटांच्या पळण्यात १ मिनिट तालावर, २ मिनिटं आपल्या मनानं, असं पहिला आठवडा, एक दिवसाआड. मग तालावरची मिनिटं वाढवत न्या. अंगवळणी पडायला सहा आठवडे धरा. गावात हलगी वाजवणारी पोरं हे दोन दिवसांत पकडतात, बाकीच्यांना वेळ लागतो. या काळात १६०० ची ट्रायल घेऊ नका. घड्याळ बघितलं की जुनं पाऊल परत येतं.

मागून घेतलेल्या व्हिडिओत दुसरी एक चूक दिसते: दोन्ही पावलं एकाच रेघेवर, कधी एक दुसऱ्याला ओलांडून पडतात, दोरीवर चालल्यासारखी. यात नडगीला पीळ आणि बाक जास्त बसतो. मैदानावर फक्कीची १०० मीटर सरळ रेघ मारा आणि ती दोन्ही पायांच्या मधे ठेवून पळायला लावा, रेघेवर पाय पडू द्यायचा नाही. पाय फाकवून नाही, दोन-तीन बोटं अंतर पुरे. फक्की पुसली गेली की कुठल्या बुटानं पुसली ते लगेच कळतं. चड्डीची पट्टी दर पावलाला एका बाजूला खाली जात असेल तर खुब्याचे स्नायू कमी पडतात; पायरीवर एका पायानं सावकाश चढ-उतर रोज करा.

पोटरीचं काम मात्र टाळू नका. शाळेच्या व्हरांड्याच्या पायरीवर चवडे टेकून, एका पायावर टाच वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १५ आणि गुडघा थोडा वाकवून १५, असे तीन फेरे, दिवसाआड. वाकवलेल्या गुडघ्याचे पोरं हमखास गाळतात आणि नडगीसाठी तेच महत्त्वाचे, कारण तो आतला खोल स्नायू तेव्हाच राबतो. आधी दोन्ही पायांवर, मग एका.

बुटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाचेची बाहेरची कड झिजणं साधारण आहे, त्यावरून काही ठरत नाही. पायाला सुखाचा वाटेल तो बूट घ्या. आणि दुखतंय म्हणून एकदम अनवाणी पळायला लागू नका.

पुन्हा पळायला केव्हा लागायचं? अर्धा तास झपझप चालून दुखलं नाही आणि त्या पायावर दहा उड्या बिनदुखत बसल्या, तर चालणं-पळणं मिसळून सुरू करा. पळताना दहापैकी दोनपर्यंत दुखणं चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर कालचं पळणं जास्त झालं. त्या दिवशी आराम आणि पुढच्या वेळी थोडं कमी. याची वही ठेवा. तारीख, मिनिटं, सकाळचं दुखणं, तीन रकाने बास.

सहा आठवडे हे नीट करूनही दुखणं तिथंच असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तो व्हिडिओ सोबत न्या.

ग्राउंडची तारीख तीन आठवड्यांवर आली असेल आणि आत्ता दुखायला लागलं असेल, तर पावलाला हात लावू नका. तेवढ्या दिवसांत नवं पाऊल बसत नाही, जुनं मात्र बिघडतं. हाडाची तपासणी वर सांगितली तशी करा, ती स्वच्छ असेल तर पळणं निम्मं करा आणि दम टिकवायला सायकल मारा. ज्या साली विहिरीला पाणी असतं त्या साली आम्ही पोहता येणाऱ्या पोरांना खोल पाण्यात उभं पळायला लावतो, पोटाला ट्यूब बांधून, पाय तळाला न टेकता, वीस-पंचवीस मिनिटं. काठावर पोहणारा माणूस असल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. नडगीवर शून्य भार, आणि बाहेर आल्यावर चार राऊंड मारल्यासारखा दम लागलेला असतो.